इन्फ्रारेड फिल्टर घेण्याआधी टीव्हीच्या रिमोटने कॅमेरा तपासा

महागडा इन्फ्रारेड फिल्टर (दिसणारा प्रकाश अडवून फक्त अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश आत सोडणारी काच) घेतल्यावर आपला डिजिटल कॅमेरा अवरक्त प्रकाश जवळजवळ टिपतच नाही असे कळले, तर पैसे वाया जातात; म्हणून ही तपासणी आधी घरीच करावी.

१. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा ट्रायपॉडवर लावून टीव्हीचा साधा, अवरक्त प्रकाशाने चालणारा रिमोट (ब्लूटूथचा नव्हे) लेन्सकडे रोखावा आणि बटण दाबून धरून एक सेकंदाचे छायाचित्र घ्यावे. रिमोटच्या टोकाशी ठळक पांढरा किंवा जांभळट ठिपका उमटला, तर ७२० नॅनोमीटरचा (साधारण त्याहून जास्त तरंगलांबीचा प्रकाशच आत सोडणारा) फिल्टर घेण्यास हरकत नाही. ठिपका जेमतेम दिसला, तर माझ्या मते हा नाद सोडावा.

२. फिल्टर लावल्यावर डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये काळोखच दिसतो, त्यामुळे चौकट आणि फोकस आधी ठरवून, लेन्स मॅन्युअल फोकसवर नेऊन, मगच फिल्टर हलक्या हाताने फिरवून बसवावा. अवरक्त प्रकाशाचा फोकस किंचित सरकतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ किंवा एफ ११ ठेवल्यास ती चूक बहुधा झाकली जाते.

३. भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० आणि ३० सेकंदांच्या एक्स्पोजरपासून सुरुवात करून पडद्यावर पाहत वेळ कमी-जास्त करावी. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) फिल्टरसह, उन्हातल्या हिरव्या गवतावर घ्यावा, अन्यथा सारे चित्र लालभडक येते.

फिल्टर काळा दिसत असला तरी त्यातून अवरक्त किरण आरपार जातात, म्हणून तो डोळ्यांसमोर धरून सूर्याकडे कधीही पाहू नये.