सल्लामसलतीचा बुद्धिबळ डाव कसा खेळवावा

चवथीच्या दिवसांत गोव्यातले घर माणसांनी भरलेले असते आणि पट मात्र एकच असतो. अशा वेळी दोघांनी खेळावे आणि इतरांनी मागे उभे राहून चाली सुचवाव्यात, त्यापेक्षा तिघातिघांचे दोन संघ करून विचारविनिमयाने डाव खेळणे कितीतरी चांगले. २०२५ साली गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक भरला, तेव्हा पटावर बसलेल्या खेळाडूला कोणाचाही सल्ला घेण्याची मुभा नव्हती. येथे सल्ला हाच खेळाचा पाया आहे.

मुख्य पट आणि दोन्ही बाजूंचा वेळ वेगवेगळा मोजणारे बुद्धिबळाचे घड्याळ मधल्या दालनात ठेवावे. एका संघाने सोप्यावर, दुसऱ्याने आतल्या खोलीत बसावे, म्हणजे एकमेकांचे बोलणे ऐकू जाणार नाही. प्रत्येक संघाजवळ मोहरे हलवून पाहण्यासाठी वेगळा पट असावा. ठरलेली चाल चिठ्ठीवर लिहून एकाने मुख्य पटावर करावी आणि घड्याळ दाबावे. प्रत्येक संघाला एक तास पुरतो.

खरी काळजी घ्यावी लागते ती चर्चेची. संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू आधी बोलला, की बाकीचे माना डोलावतात आणि डाव प्रत्यक्षात एकटाच खेळतो. म्हणून पटावर कठीण स्थिती आली, की प्रत्येकाने आपली चाल न बोलता कागदावर लिहावी, आणि मग सर्वांत नवख्याने प्रथम तिचे कारण सांगावे. त्यानंतर एकाने मुद्दाम प्रतिस्पर्ध्याची बाजू घेऊन त्या चालीवरचे सर्वांत कठोर उत्तर शोधावे. ते सापडले नाही, तरच ती चाल स्वीकारावी.

नुसते डोके मोजून भागत नाही. १८५८ साली पॅरिसमध्ये ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर हे दोघे सल्लामसलत करून अमेरिकेचा नामांकित बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी याच्याविरुद्ध खेळले आणि १७ चालींत मात झाले. उलट १९९९ साली रशियाचा विख्यात बुद्धिबळपटू गॅरी कास्पारोव्ह याच्याविरुद्ध जगभरातील खेळाडूंनी मतदानाने चाली ठरवल्या. प्रत्येक बाजूच्या एका चालीला एक दिवस, असा तो डाव चार महिने चालून ६२ चालींनी कास्पारोव्हने जिंकला. त्यातील जगाच्या बाजूची दहावी चाल, वजीर ई६ (म्हणजे वजीर ई६ या घरात), अमेरिकेची पंधरा वर्षांची खेळाडू इरिना क्रश हिने सुचवली होती. त्या मतदानामागे सखोल विश्लेषण होते, म्हणूनच जगाने इतकी झुंज दिली, असे माझे मत आहे.

मतभेद टिकला तर बहुमत मानावे, परंतु घड्याळात दहा मिनिटांहून कमी वेळ उरल्यावर निर्णय कर्णधाराचा असावा. संघाची योजना एका ओळीत लिहून समोर ठेवावी, नाहीतर आज राजावर हल्ला आणि पुढच्या चालीला वजीराच्या बाजूची प्यादी, असे होते.

डाव संपल्यावर नाकारलेल्या चालींचे कागद काढून दोन्ही संघांनी एकत्र बसावे आणि त्या चाली एकेक करून पटावर लावून पाहाव्यात.