लाइव्ह दिसतंय, पण रेकॉर्ड होतंय का? घरच्या कॅमेऱ्यांचं फूटेज नॅसवर साठवताना या चुका टाळा

घराला कॅमेरे लावलेली बहुतेक माणसं रोज एवढंच बघतात: मोबाईलवर ॲप उघडायचं, चारही चौकोनांत चित्र हलताना दिसलं की बंद करायचं. पण कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमधलं चित्र थेट कॅमेऱ्यातून येतं. फूटेज साठवणारं नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, बंद पडलेलं असो, डिस्क भरलेली असो, फोल्डरची परवानगी गेलेली असो, ते चित्र तसंच दिसत राहतं. मग एखाद्या सकाळी पार्किंगमधल्या गाडीची काच फुटलेली दिसते, रेकॉर्डिंग शोधायला जावं तर शेवटची फाइल तीन आठवड्यांपूर्वीची निघते.

म्हणून बाकी सगळ्याच्या आधी एक सवय लावून घ्या. आठवड्यातून एकदा, प्रत्येक कॅमेऱ्याचं आदल्या पहाटे तीनचं फूटेज नॅसवरून उघडा आणि दोन मिनिटं चालवून बघा. यादीत फाइलचं नाव दिसणं पुरेसं नाही, ती चालली पाहिजे. पुढे ज्या चुका सांगतो आहे, त्यातल्या बऱ्याचशा या एका तपासणीत उघड्या पडतात.

कॅमेरा नॅसशी बोलतो का, हे न बघता केलेली खरेदी

नॅसवरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याकडून आरटीएसपी प्रवाह, म्हणजे नेटवर्कवरून थेट येणारं चित्र, मिळावा लागतो. कॅमेरा आपोआप ओळखला जावा, त्याची सेटिंग्ज बदलता यावीत, यासाठी ऑनव्हिफ हे मानक आहे. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं. खोक्यावर या दोन्हींचा उल्लेख नसेल तर विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा. बॅटरीवर चालणारे वायफाय कॅमेरे बहुधा आरटीएसपी देतच नाहीत, कारण सतत प्रवाह पाठवला तर बॅटरी टिकणार नाही. असे कॅमेरे एसडी कार्डावर किंवा कंपनीच्या क्लाउडवरच रेकॉर्ड करतात आणि नॅस शेजारी असूनही उपयोगाचं नसतं.

परवान्यांचंही आधीच बघा. सायनॉलॉजीच्या नॅसवर सर्व्हेलन्स स्टेशन या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन कॅमेऱ्यांचे परवाने फुकट मिळतात, तिसऱ्यापासून पैसे मोजावे लागतात. फ्रिगेटसारखं मुक्त सॉफ्टवेअर वापरलं तर हा खर्च नाही, पण ते बसवायला आणि सांभाळायला हात सरावलेला हवा.

जागेचा हिशेब अंदाजपंचे

हा हिशेब दोन मिनिटांत होतो. १०८० पी चित्र, एच.२६४ ही व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट. आठाने भागलं की सेकंदाला अर्धा एमबी, म्हणजे दिवसाला ४३.२ जीबी. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे १७३ जीबी, महिन्याचे जवळपास ५.२ टीबी. त्यामुळे ४ टीबीची डिस्क घेऊन ‘महिनाभर पुरेल’ म्हणणाऱ्याच्या हाती जेमतेम तीन आठवडे येतात. संगणकावर ४ टीबीची डिस्क ३.६४ एवढीच दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या. दोन डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर ठेवणाऱ्या जोडणीत, लावल्या तर जागा एकाच डिस्कची मिळते, हेही विसरू नका.

एच.२६५ वापरलं तर तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा लागते. पण नॅस आणि ज्या फोनवर फूटेज बघणार तो, दोघांनाही ते पेलतं का हे आधी तपासा.

केवळ हालचाल झाल्यावर रेकॉर्डिंग ठेवून जागा वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. माझं स्पष्ट मत असं, की मुख्य दरवाजा आणि फाटक यांचं रेकॉर्डिंग चोवीस तास सलग असावं, बाकीचे कॅमेरे हालचालीवर ठेवले तरी चालतील. हालचाल ओळखायला सॉफ्टवेअर क्षणभर उशीर करतं आणि नेमका चेहरा त्या क्षणात निघून जातो. हालचालीवर ठेवाल तिथे आधीची पाच-दहा सेकंदं जोडणारी सोय चालू करा. आणि पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या काचेसमोरचं कोळ्याचं जाळं काढत चला. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात त्या जाळ्याची एक हलती तारही रात्रभर शेकडो खोट्या क्लिप तयार करू शकते.

जुनं पुसलं, तरी जागा मोकळी होत नाही

या तक्रारीची दोन कारणं मला वारंवार दिसतात. पहिलं म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरला रीसायकल बिन चालू असणं. कॅमेरा किंवा स्क्रिप्ट जुन्या फाइली पुसते, त्या बिनमध्ये जाऊन पडतात आणि डिस्क भरतच राहते. दुसरं कारण स्नॅपशॉट, म्हणजे फोल्डरची त्या क्षणीची जपून ठेवलेली अवस्था. रेकॉर्डिंगच्या फोल्डरवर रोजचे स्नॅपशॉट लावले असतील, तर पुसलेली प्रत्येक फाइल जुन्या स्नॅपशॉटमध्ये जिवंत राहते. फोटो आणि कागदपत्रांसाठी स्नॅपशॉट उत्तमच, पण रोज १७३ जीबी बदलणाऱ्या फोल्डरवर ते लावू नयेत.

फूटेजसाठी वेगळा फोल्डर करा आणि त्याला जागेची मर्यादा घाला. नाहीतर कॅमेऱ्यांनी डिस्क भरून टाकली की घरातल्या फोनवरचे फोटो बॅकअप व्हायचे थांबतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मर्यादा घातल्यावर जुनं पुसण्याची सोय त्या मर्यादेच्या आत काम करते आहे ना, हे महिन्याभरानंतर बघा. मर्यादा गाठल्यावर नवीन लिहिणंच थांबवणारे कॅमेरेही असतात.

वीज जाऊन आल्यावर काय होतं, हे कधीच न तपासणं

आपल्याकडे रेकॉर्डिंग बंद पडतं ते बहुतेक वेळा इथे. लाइट पाच मिनिटं जाते, परत येते, घरातलं सगळं सुरू होतं आणि रेकॉर्डिंग तेवढं राहून जातं. यामागे एकच कारण नसतं, म्हणून एकेक बघू.

राउटर सुरू झाल्यावर तो कॅमेऱ्यांना नव्याने आयपी ॲड्रेस वाटतो. काल फाटकाच्या कॅमेऱ्याचा जो ॲड्रेस होता तो आज दुसऱ्याला गेलेला असतो आणि नॅस जुन्या ॲड्रेसवर हाका मारत बसतं. राउटरच्या डीएचसीपी (ॲड्रेस वाटपाच्या) पानावर जाऊन प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि नॅसचा ॲड्रेस राखून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि निम्मे त्रास तिथेच संपतात.

मग नॅस स्वतः सुरू होतं का? वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग वेगळं असतं आणि ते बंद असेल तर कुणीतरी बटण दाबेपर्यंत नॅस निपचित पडून राहतं. घरात आईवडील एकटे असतील तर ते बटण दाबणार कोण, याचा विचार करा.

कॅमेरा थेट नॅसवर लिहीत असेल तर आणखी एक अडचण येते. कॅमेरा अर्ध्या मिनिटात जागा होतो, नॅसला काही मिनिटं लागतात. सुरुवातीला नॅस सापडलं नाही की काही कॅमेरे पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. अशा कॅमेऱ्यांना रोज पहाटे एकदा रीस्टार्ट होण्याचं वेळापत्रक लावून द्या.

फाइलीही खराब होतात. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर फाइल मोठी दिसते, पण उघडत नाही. तासाभराच्या फाइली ठेवल्या असतील तर अख्खा तास जातो. म्हणून तुकडे शक्य तितके लहान ठेवा. फ्रिगेट तर दहा-दहा सेकंदांचे तुकडे करतं.

यूपीएस घ्याच, पण एकट्या नॅसला नको. राउटर आणि कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा पीओई स्विचही त्याच यूपीएसवर हवेत, नाहीतर नॅस जागं आणि कॅमेरे आंधळे अशी स्थिती होते. दोन डिस्कचं नॅस, राउटर आणि चार पीओई कॅमेरे मिळून साठ-सत्तर वॅटच्या आसपास लागतात; ६०० व्हीएचं यूपीएस हे साधारण अर्धा तास ओढतं. यूपीएस निवडताना यूएसबी पोर्ट आहे का बघा. त्या तारेवरूनच नॅसला ‘आता बॅटरी संपत आली’ हे कळतं आणि ते नीट बंद होतं. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना हा पोर्ट नसतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं नॉर्मल आणि यूपीएस असं बटण शोधा. नॉर्मलवर असताना वीज बदलायला लागणाऱ्या क्षणात नॅस रीस्टार्ट होऊ शकतं.

हे सगळं जमलं का, ते बघायचा मार्ग सरळ आहे. एकदा घराचा मेन स्विच बंद करा, यूपीएसच्या इशाऱ्यावरून नॅस स्वतःच नीट बंद होऊ द्या, मग यूपीएसही बंद करा, दहा मिनिटांनी दोन्ही चालू करा, कशालाही हात लावू नका आणि अर्ध्या तासाने चारही कॅमेऱ्यांच्या नव्या फाइली चालवून बघा. आपण घरी असताना हे करणं, गावाला गेल्यावर कळण्यापेक्षा बरं.

चुकीची डिस्क, चुकीची जागा

जुन्या संगणकातली डिस्क काढून नॅसमध्ये घालणं टाळा. कॅमेऱ्यांचं लिखाण दिवसरात्र चालू असतं. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक या डिस्क त्यासाठीच असतात. नॅसवर इतरही कामं होत असतील तर आयर्नवुल्फ किंवा रेड प्लस घ्यावी. २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये एसएमआर तंत्र (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिण्याचं) असल्याचं उघड झालं होतं, आणि रेड जोडणीतली डिस्क बदलून मजकूर पुन्हा भरताना त्या डिस्क रखडत होत्या. विकत घेताना डिस्क सीएमआर, म्हणजे पट्ट्या वेगळ्या ठेवणारी, असल्याची खात्री करा.

चोराला सापडू नये म्हणून लोक नॅस माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवतात. हेतू बरोबर आहे, पण मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर डिस्क भाजून निघते. हवा खेळेल अशी आतल्या खोलीतली जागा शोधा आणि डिस्कच्या तापमानाचा इशारा ई-मेलवर येईल असं करा. डिस्कच्या तब्येतीची नोंद ठेवणाऱ्या स्मार्ट अहवालातल्या बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरचा आकडा वाढायला लागला, तर डिस्क मरायची वाट न बघता बदला.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर रेड वाचवतं. चोराने अख्खं नॅस उचललं तर दोन्ही डिस्क त्याच्यासोबत जातात. सगळं फूटेज क्लाउडवर पाठवणं घरगुती इंटरनेटला झेपणारं नाही, कारण बऱ्याच फायबर प्लॅनना महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते आणि आपला आकडा ५.२ टीबीचा आहे. फाटक आणि दरवाजाच्या फक्त घटनांच्या क्लिप बाहेर पाठवा. शिवाय कॅमेऱ्यात एसडी कार्ड असू द्या, नॅस बंद असतानाचे तास तिथे सापडतील.

बाहेरून बघता यावं म्हणून पोर्ट उघडणं

पोर्ट उघडणं म्हणजे इंटरनेटवरून घरातल्या उपकरणापर्यंत राउटरमधून थेट वाट देणं. ही चूक मला सगळ्यांत धोकादायक वाटते. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरनी इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅप नॅसवरच्या लोकांच्या फाइली कुलूपबंद केल्या. त्यात कितीतरी जणांचे घरचे फोटो होते.

राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय, बंद करा, पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका आणि बाहेरून बघायला वायरगार्ड किंवा टेलस्केल यांपैकी एक व्हीपीएन वापरा. अनेक घरगुती जोडण्यांना आज स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतच नाही. टेलस्केल तिथेही चालतं. कॅमेऱ्यांना इंटरनेटपासून तोडता आलं तर फारच छान. नॅसवर कॅमेऱ्यांसाठी वेगळा वापरकर्ता करा, त्याला फूटेजच्या फोल्डरपुरतीच परवानगी द्या. ॲडमिनचा पासवर्ड कॅमेऱ्यात कधीही भरू नका. जुना कॅमेरा एसएमबी या फाइल शेअर करण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती मागत असेल तर तो बदला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच आवृत्तीतल्या फटीतून पसरलं होतं.

काही छोटी दुखणी

चित्र मध्येच राखाडी होऊन ओघळल्यासारखं दिसत असेल तर आरटीएसपी यूडीपीवरून टीसीपीवर (हरवलेला डेटा पुन्हा मागवणाऱ्या पद्धतीवर) न्या. पासवर्ड बरोबर असूनही कॅमेरा जोडला जात नसेल, तर त्यात ॲट किंवा हॅश चिन्ह आहे का बघा. प्रवाहाच्या पत्त्यात ती चिन्हं गोंधळ घालतात. तिथे फक्त अक्षरं आणि आकडे असलेला लांब पासवर्ड द्या. फूटेज मागेपुढे करताना अडखळत असेल तर कॅमेऱ्यातलं आय-फ्रेमचं (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचं) अंतर फ्रेम रेटएवढं करा.

घड्याळ, आणि पुरावा

परदेशातून आलेले अनेक कॅमेरे चीनच्या वेळेवर लावलेले असतात. ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रात्री साडेअकराची घटना मग दुसऱ्या दिवशीच्या पहाटे दोनची दिसते. टाइम झोन दुरुस्त केला तरी कॅमेरा इंटरनेटपासून तोडलेला असेल तर त्याचं घड्याळ हळूहळू सरकतं, आणि काही कॅमेरे वीज गेली की थेट १९७० सालात जातात. नॅसवर एनटीपी ही वेळ जुळवणारी सेवा चालू करा आणि सगळ्या कॅमेऱ्यांना वेळ नॅसकडून घ्यायला सांगा.

वेळेला आणि कागदाला न्यायालयात किती किंमत असते, हे जालन्याच्या खटल्यात दिसलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर भरला गेला का, हा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं होतं. १४ जुलै २०२० च्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खालचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं आहे आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) लिहावं लागतं.

म्हणून काही घडलं तर पडद्याचं मोबाईलने शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवणं म्हणजे पुरावा जपणं नव्हे; व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं. त्याच दिवशी घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास धरून मूळ फाइली नॅसवरून पेनड्राइव्हवर उतरवा. सॉफ्टवेअरमध्ये त्या क्लिपला लॉक लावा, म्हणजे जुनं पुसण्याच्या फेऱ्यात ती जाणार नाही. मूळ फाइलीचं एसएचए-२५६ हॅश मूल्य काढून तारखेसह लिहून ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ त्या वेळी फोनच्या घड्याळापेक्षा किती मागेपुढे होतं, तेही शेजारी नोंदवा. पोलिसांना प्रत द्या, मूळ फाइली नॅसवरून हलवू नका.