निसटणारी गाठ आणि अडकणारं बुलियन : भरतकामातल्या या चुका टाळा

"ताई, माझी गाठ कापडातून आरपार जाऊन राहिली!"

दर मे महिन्यात हे वाक्य मी कूलरच्या घरघरीतून ऐकते. बाहेर ४५ अंश, आत आठ-दहा जणी, प्रत्येकीच्या मांडीवर कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग, आणि प्रत्येकीला पहिल्याच दिवशी ब्लाउजच्या बाहीवर गुलाब हवा. साखळी टाका अजून धड सरळ येत नाही, पण मोबाइलवरच्या रीलमध्ये तीस सेकंदांत बुलियनचा, म्हणजे सुईवर बरेच वेढे घेऊन केलेल्या लांबट टाक्याचा, गुलाब उमललेला पाहिलेला असतो ना! त्या तीस सेकंदांसाठी मागे किती वेळ गेला आणि किती वेळा उसवलं, ते त्यात दाखवत नाहीत. नागपूरच्या प्रतापनगरात घरच्या घरी शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. मुली बदलल्या, दोऱ्यांचे भाव बदलले, चुका मात्र त्याच. म्हणून एकदाच लिहून टाकते.

त्याच भोकात परत जाणं

फ्रेंच नॉट, म्हणजे सुईवर दोरा गुंडाळून केलेली गोल दाण्यासारखी गाठ, बिघडण्याचं हे पहिलं कारण. सुई वर काढली, दोरा गुंडाळला आणि सुई जिथून आली होती तिथेच परत खाली घातली. मग गाठ बसणार कशावर? तिला टेकायला कापडाचा एखादा तरी धागा लागतो. जिथून वर आलात त्याच्या शेजारचा एक, फार तर दोन धागे सोडून खाली जायचं. सांगायला एवढंच आहे, पण ते हातात उतरायला वेळ लागतो.

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी माझी फजिती सांगते. भाच्याचं पहिलं बोरन्हाण होतं. काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने तर सगळेच घालतात, आपण गळ्याभोवती हलवाच भरू या, पांढऱ्या फ्रेंच नॉटचा, असं वहिनीच्या मनात आलं. कल्पना झकास होती. मी आदल्या रात्री जेवणं उरकून बसले. कापड पातळ, काळं, सुती. ट्यूबलाइट पाठीमागे. काळ्या कापडाची वीण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे सुई अंदाजाने घालत गेले. दाणे टपोरे दिसावेत म्हणून सहापदरी दोऱ्यातल्या दोन पदरांवर चार-चार वेढे घेतले. रात्री दोनला साडेतीनशे गाठी संपल्या, आणि त्या आनंदात सुलट बाजूने कडक इस्त्री फिरवली.

संध्याकाळी बाळाच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, हलवा ओतला. आजूबाजूची पोट्टी वेचायला तुटून पडली. बाळाच्या हाती काही लागेना, म्हणून त्याने गळ्यावरचा हलवा ओढायला घेतला. फोटोत सगळं स्पष्ट दिसतं. डावीकडे गाठी आहेत, उजवीकडे नुसती दोऱ्याची वेटोळी लोंबताहेत. ज्या वाचल्या त्या इस्त्रीने इतक्या चपट्या झाल्या होत्या की हलवा कुठला, सांडलेली खसखस वाटावी. वहिनी काही बोलली नाही. तिच्या आईने मात्र जवळ येऊन निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे असंच असते का?"

त्या एका झबल्यात मी किती चुका केल्या ते मोजा. काळ्या कापडावर भरायचं तर मांडीवर पांढरा टॉवेल अंथरायचा आणि दिवा समोरून किंवा बाजूने घ्यायचा. विणीच्या फटींतून खालचं पांढरं दिसतं आणि धागे मोजता येतात. गाठ मोठी हवी असेल तर वेढे वाढवायचे नाहीत, पदर वाढवायचे. माझ्याकडे नियम साधा आहे, वेढे दोनच. दोन पदरांचा दाणा मोहरीएवढा होतो, सहा पदरांचा चांगला टपोरा. तीनच्या वर वेढे गेले की गाठ मान टाकते. पातळ कापडाला मागून मलमलीचं अस्तर जोडून मगच रिंगवर चढवायचं. आणि इस्त्री नेहमी उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घेऊन, म्हणजे गाठी टॉवेलात रुततात, दबत नाहीत.

डावा हात लवकर सोडणं

गाठ बनवतो उजवा हात, पण बसवतो डावा. वेढे घेऊन सुईचं टोक कापडात घातलं की डाव्या हाताच्या चिमटीत दोरा ताणून धरा. वेढे सुईवरून सरकून कापडाला टेकले पाहिजेत. मग उजवा हात रिंगखाली न्या आणि सुई खालून ओढा. दोरा चिमटीतून सरकत जाऊ द्या, पण चिमूट सोडू नका. वर बोटभर फास उरला की मग सोडा. नव्या मुली सुई खाली गेली रे गेली की दोन्ही हातांनी रिंग उलटी करून बघतात, झाली का म्हणून. तेवढ्यात वर फास सैल पडतो आणि गाठीच्या डोक्यावर कान उगवतो.

उलट टोकाची चूकही तितकीच होते. वेढे इतके आवळायचे की सुई हलतच नाही. वेढा सुईवर बांगडीसारखा फिरायला हवा, घट्ट अंगठीसारखा रुतायला नको.

दोन्ही हात मोकळे हवेत, हे तर उघडच आहे. रिंग डाव्या हातात धरून फ्रेंच नॉट करणाऱ्या बायका मी पाहिल्यात, पण त्या चाळीस वर्षं भरतकाम केलेल्या. तुम्ही रिंगची कड टेबलाच्या काठावर टेकवा आणि दुसरी बाजू पोटाशी धरा. मी अजूनही तसंच करते. या गाठीसाठी कापड रिंगमध्ये डफासारखं वाजलं पाहिजे.

बुलियनला कुठलीही सुई चालते असं समजणं

नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो. बुलियनच्या बाबतीत मात्र अंगण खरंच वाकडं असतं. घरातल्या डबीतली भरतकामाची सुई नेढ्यापाशी फुगीर असते. टोकावर बारा वेढे छान बसतात, सुई निम्मी सरकते आणि नेढं वेढ्यांत शिरलं की गच्च. मग ओढाताण, घाम, रडकुंडी. एका मे महिन्यात एक मुलगी चक्क घरून पक्कड घेऊन आली होती. सुई निघाली खरी, पण येताना वेढ्यांचा झुपका आणि कापडाचे दोन आडवे धागे घेऊन आली. कापड आईच्या साडीतून उरलेलं टसर होतं. त्या दिवशी मी आम्हा दोघींना चहा केला आणि शिकवणं बंद ठेवलं.

यासाठी मिलिनर सुई मागा. मिलिनर म्हणजे टोप्या, हॅट बनवणारे. त्यांच्या कामाची ही लांब सुई, म्हणून हिला स्ट्रॉ सुई असंही म्हणतात. नेढ्यापासून जवळपास टोकापर्यंत तिची जाडी एकच, त्यामुळे वेढे अडत नाहीत. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दोन पदरांना मी ७ किंवा ८ नंबर घेते, तीन-चार पदरांना ३ ते ५. सीताबर्डी-इतवारीतला प्रत्येक लेसवाला ही सुई ठेवेलच असं नाही. काही जण "एकच असते ताई, घेऊन जा" म्हणून दुसरीच पुडी पुढे करतात. म्हणून पुडीवरचं नाव बघू नका, सुई बघा. चिमटीत धरून टोकापासून नेढ्यापर्यंत बोटं फिरवा. शेवटी उंचवटा लागला तर परत करा.

सुई बरोबर असूनही अडली तर बहुतेक वेळा हात घामेजलेले असतात. नागपूरचा उन्हाळा आहे, दुसरं काय होणार! कूलरसमोर बसून हवा दमट होते आणि सुई बोटांतून आणखीच सटकते. फुटलेल्या फुग्याचा तुकडा माझ्या डबीत कायम असतो. त्याने सुई धरली की अलगद निघते. हाताला पावडर लावायचा सल्ला मला मान्य नाही, गडद कापडावर तिचे पांढरे ठसे उठतात.

आता माप. कापडावर बुलियन जेवढं लांब हवं तेवढ्या लांबीचा टाका सुईवर उचलायचा आणि सुईवरच्या वेढ्यांची रांगही तेवढीच भरायची. वेढे कमी पडले तर मधेच नागडा दोरा दिसतो. दोन-चार जास्त घेतले तर बुलियन कमानीसारखं वळतं, आणि गुलाबाच्या पाकळीला तेच हवं असतं. वेढे अंगठ्याखाली दाबून सुई ओढा आणि दोरा शेवटच्या टोकाकडे वळवून घट्ट करा. इथे कापड थोडं सैल असलेलं बरं, कारण सुई एकाच वेळी आत-बाहेर काढायची असते. वेढे वेडेवाकडे बसले तर लगेच उसवायला धावू नका. सुईचं बोथट टोक बुलियनच्या पोटाखाली घालून दोन-तीनदा मागेपुढे घासा. निम्मी बुलियनं तिथेच सरळ होतात.

लखनौच्या चिकनकारीत याचीच भावंडं आहेत. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, फंदा बाजरीच्या दाण्यासारखा गोल. त्या कामाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगल्या कुर्त्यावरची मुर्री भिंगातून बघा, प्रत्येक दाणा सारखा. तो हात एका दुपारी तयार झालेला नाही, आणि माझ्याकडे मात्र तिसऱ्या दिवशी विचारतात, "ताई, ऑर्डर कधीपासून घेऊ?"

बाकीच्या, थोडक्यात

लांबच लांब दोरा ओवू नका. हातभर पुरे. दोरा संपला की परत ओवायचा कंटाळा येतो म्हणून दोन हात दोरा घेणारीचाच दोरा आधी पिंजतो आणि मधेच नको तिथे गाठ पडते.

सहा पदर लडीतून एकदम ओढून तसेच वापरू नका. एकेक पदर वेगळा काढून परत एकत्र करा, गाठ भरीव येते.

एका फुलातून दुसऱ्या फुलाकडे मागून दोरा ओढत नेऊ नका. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याची सावली दिसते. प्रत्येक फूल मागे बंद करा. कर्नाटकातल्या कसुती भरतकामात तर मागे गाठच मारत नाहीत. तेवढं नको, पण निदान लाज वाटणार नाही इतकी मागची बाजू ठेवा.

भरलेल्या गाठींवर रिंग चढवू नका. मोठी रिंग घ्या, नाहीतर गाठी सगळ्यात शेवटी भरा.

चकचकीत रेयॉनचा दोरा शिकताना वर्ज्य. तो घसरतो, शिवाय ब्राझिलियन भरतकामाच्या रेयॉनचा पीळ सुती दोऱ्याच्या उलट असतो. वेढे घेताना दोऱ्याचा पीळ उकलायला लागला तर उलट दिशेने गुंडाळून बघा. डावखुऱ्या मुलींना हे विशेष जाणवतं.

गाठ टिकावी म्हणून मागून गोंद लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. धुतल्यावर तो डाग स्वतःच बोलतो.

चुकलेली गाठ काढताना

घट्ट बसलेली फ्रेंच नॉट सुईने उकलत बसू नका, दोरा पिंजतो आणि कापडाला भोक पडतं. ती कापायचीच. पण आधी कापड उलटं करा आणि शेजारच्या गाठींचे दोरे मागच्या मागे दोन बारीक टाक्यांनी अडकवून घ्या, नाहीतर एक कापली की रांगेतल्या तिघी सुटतात. मग सुलट बाजूने टोकदार कात्रीने नुसते वेढे कापा आणि उरलेले तुकडे मागून चिमट्याने ओढा. भोक दिसत असेल तर नखाने वीण दोन्ही बाजूंनी सरकवा.

भाच्याच्या झबल्याची उजवी बाजू मी अशीच काढून पुन्हा भरली, पांढरा टॉवेल मांडीवर घेऊन, दोन-दोन वेढ्यांनी, वेळ मिळेल तशा थोड्या थोड्या गाठी. पुढच्या संक्रांतीला तयार झालं. तोवर ते त्याच्या डोक्यातून खालीसुद्धा उतरेना.