वाइन शिकायचीय? मग बोर्डो रेडपासून सुरुवात करा

हॉटेल मॅनेजमेंटची पोरं सारखी विचारतात की वाइनमध्ये करिअर करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच लिहून टाकते. माझं सरळ मत, बोर्डो रेड ब्लेंडपासून, म्हणजे फ्रान्सच्या बोर्डो भागातली, वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांच्या वाइन मिसळून केलेली रेड. (आमच्या नाशिककडे बोर्डो म्हटलं की बागेत फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, ते पण तिकडचंच बरं का.)

बहुतेक जण 1855 च्या वर्गवारीतली शातोंची, म्हणजे तिकडच्या वाइन बनवणाऱ्या इस्टेटींची, नावं घोकत बसतात. पाच फर्स्ट ग्रोथ, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या शातो, पाठ करा, त्यातली मूतों रॉथशिल्ड 1973 ला वर चढली एवढं लक्षात ठेवा, बास. खरी गंमत ब्लेंड का करतात यात आहे. द्राक्षाच्या मुख्य जाती दोन: मर्लोचे डोळे लवकर फुटतात म्हणून एप्रिलच्या हिमात तीच आधी सापडते, कॅबर्ने सोविन्यॉन उशिरा पिकते म्हणून तिला काढणीच्या वेळचा पाऊस नडतो, आणि अटलांटिकच्या काठचं हवामान, त्याचा भरवसा काय धरणार, मग दोन्ही लावायच्या, एक गेली तर दुसरी तारते. चवीचं नंतर, आधी हा शेतकऱ्याचा हिशोब. नदीच्या डाव्या तीरावर मेदोकला खडीची जमीन, पाणी लगेच निचरतं, ऊब धरते, तिथे कॅबर्ने. उजवीकडे सेंत एमिलियोंला चिकणमाती-चुनखडी, पोमेरोलला चिकणमाती, तिथे मर्लो जास्त आणि जोडीला कॅबर्ने फ्रांक.

मी तिकडे एका छोट्या शातोत काढणीला राबले आणि पुढे हिवाळाभर राहिले, तेव्हा ब्लेंड ठरताना बघायला मिळालं. टेबलावर बागेच्या प्रत्येक तुकड्याच्या वाइनच्या सॅम्पल बाटल्या, मोजपात्रं, आणि कोणी बोलत नाही. नुसती कॅबर्ने घेतली तर सुपारी चघळल्यासारख्या हिरड्या आवळतात, वास ब्लॅककरंटचा, आणि नीट पिकली नसेल तर सरळ ढोबळी मिरचीचा, पण घोट मध्येच रिकामा वाटतो. मर्लो गुबगुबीत, प्लमसारखी, पण लवकर विरते. दोन्ही मिसळल्या की ती मधली जागा भरते. मग त्यांनी पेटी व्हर्दो या अजून एका जातीची वाइन टाकली, शंभरात जेमतेम तीन मिली, आणि रंग गडद झाला, शेवट लांबला, मसाल्याचा वास वर आला. एवढ्याशाने एवढा फरक पडतो हे नोट्स वाचून नाही कळत हो.

हे घरी पण जमतं. चिलीची एक कॅबर्ने, एक मर्लो घ्या, चौघांत वर्गणी काढा, 70-30, 50-50, 30-70 असं मापाने मिसळून झाकून चाखा आणि जे वाटेल ते लगेच लिहा. त्या दिवशी परफ्यूम नको, उदबत्ती नको, किचनमध्ये फोडणी तर अजिबात नको. आणि चाखून थुंकायला शिका प्लीज, लाज कसली, तिकडे सगळे थुंकतात. डब्ल्यूएसईटी या वाइनच्या कोर्सच्या लेव्हल 3 परीक्षेला अर्ध्या तासात दोन वाइन, लेबल न बघता चाखून, ठरलेल्या चौकटीत वर्णन करून मांडायच्या असतात, एक व्हाइट एक रेड, तिथे ही सवय कामी येते. कोर्सची फी मात्र झेपेल तेव्हाच भरा, कर्ज काढून नको.

अजून एक, पुस्तकात रेड रूम टेंपरेचरला द्या लिहिलेलं असतं, ती रूम युरोपातली. आपल्याकडे मे महिन्यात बोर्डो तशीच ओतली तर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. 16 ते 18 डिग्री हवी, म्हणजे आधी फ्रिजमध्ये गार करायची.