नववी ब, मिस्टर बीन आणि म्यूटचं बटण

बीएड झाल्यावर पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वाटतं की आपण इंग्लिश काहीतरी हटके शिकवणार, मलापण वाटलेलं. मराठी माध्यम, नववी ब, ५२ पोरं. मी कॉलेजात असताना 'फ्रेंड्स' बघून बघूनच बोलायला लागले होते, म्हणून उत्साहात त्याचा अख्खा एक भाग प्रोजेक्टरवर लावला. वीस-बावीस मिनिटं मागचं रेकॉर्डेड हसू वाजतंय आणि पोरं ढिम्म. हसली ती फक्त किसिंग सीन आला तेव्हा, आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक व्हरांड्यातून चाललेले. पुढचं सांगत नाही.

चूक सिरीयलची नव्हती, माझीच होती. न्यूयॉर्कमधले ते सहा जण फाडफाड बोलणार, एका वाक्यात दोन टोमणे मारणार, आणि आमची पोरं अजून 'मे आय कम इन मॅडम'च्या पुढे सरकलेली नाहीत. मग डोक्यात आलं की ज्यात बोलणं जवळपास नाहीच असं काहीतरी लावावं, म्हणजे बोलायचं काम आपोआप पोरांवर येईल.

मिस्टर बीन! रोवन ॲटकिन्सनच्या मूळ मालिकेचे १९९० ते ९५ मध्ये जेमतेम १५ भाग आले, पण कार्टूनमुळे हा माणूस पोरांना पाठ असतो. पहिल्याच भागात परीक्षेचा सीन आहे, बीन पेनंच पेनं काढून बाकावर मांडतो, पिंक पँथरचं खेळणं ठेवतो, मग पेपर बघून घाम फुटतो आणि शेजाऱ्याचं बघून लिहायच्या नाना खटपटी सुरू. परीक्षा आणि कॉपी, आमच्या वर्गाला समजावून सांगावं असं त्यात काहीच नाही.

तो सीन मी दोन-दोन मिनिटांचे तुकडे करून दाखवला, आवाज पूर्ण बंद. आवाज बंद करायचाच, कारण त्यातही मागे हसू आहे आणि कुठे हसायचं हे पोरांना दुसऱ्याने सांगायची गरज नाही. मी पॉज केलं की समोर काय चाललंय ते इंग्लिशमध्ये सांगायचं, एवढाच नियम. मागच्या बाकावरचा एकजण, जून ते नोव्हेंबर माझ्या तासाला तोंड न उघडलेला, उठून म्हणाला "ही इज डुइंग कॉपी". वर्ग खदखदून हसला, पण वाक्य आलं ना बाबा! मी ते फळ्यावर तसंच लिहिलं, खाली 'ही इज कॉपीइंग' लिहिलं आणि मग 'चीटिंग' शब्द दिला, तो आजपर्यंत एकही विसरलेला नाही. बीन प्रश्नपत्रिकेचं पाकीट उघडायच्या आधी थांबवून "आता काय होईल" विचारलं की 'ही विल' येतं, आणि दुसऱ्या दिवशी काहीही न दाखवता तोच सीन आठवून सांगायला लावला की भूतकाळ. एकाच क्लिपवर तीन काळ, अजून काय पाहिजे.

नवीन जॉईन झालेल्यांनो, क्लिप घरूनच डाउनलोड करून न्या, शाळेच्या नेटवर विसंबू नका. तासाची दहा मिनिटंच वापरा. आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा की हे व्याकरणाच्या कोणत्या धड्यासाठी आहे, माझ्यासारखं व्हरांड्यात सापडू नका.

लाईट गेली तर? तर सीआयडी. १९९८ ला सोनीवर सुरू झालेली, २० वर्षं चाललेली मालिका, पोरांच्या आईबापांनीपण बघितलेली, त्यामुळे दाखवायचं काहीच नाही, फक्त खेळायचं. काल संध्याकाळी सात ते आठ शाळेतला खडूचा बॉक्स चोरीला गेला असं सांगायचं, दोन संशयितांना बाहेर पाठवायचं, ते दोघं मिळून तेव्हा कुठे होते ते ठरवून येतात, मग एकेकाला आत घेऊन वर्ग चौकशी करतो. 'व्हॉट वेअर यू डुइंग' हे वाक्य मी पुस्तकातून आठवडाभर घासलं असतं ते इथे वीस वेळा सहज येतं, कारण पोरांना खरंच पकडायचं असतं.

परवाच्या जोडीने "वी वेअर ईटिंग मिसळ" ठरवलेलं. हाऊ मेनी पाव? एक म्हणाला टू, दुसरा म्हणाला फोर, आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून, शिवाजी साटमसारखी हवेत बोटं फिरवत, "यू आर लाइंग, बोथ ऑफ यू".