मोटर फिरते, पण कचरा ओढत नाही? घरगुती मिनी व्हॅक्यूम क्लीनर बनवताना या चुका टाळा

बाटली कापली, मोटर बसवली, तारा जोडल्या, बटण दाबलं. मोटर चांगली घरघरतेय, पण टेबलावर पडलेला खोडरबरचा कीस जागचा हलत नाही. अशा वेळी हात आधी खिशाकडे जातो: मोठी मोटर आणावी का? थोडं थांबा. मी असे बरेच क्लीनर बनवलेत आणि दुरुस्तही केलेत. मोटर खरोखरच कमी पडली असं त्यात क्वचितच झालं. बहुतेक वेळा हवेची वाट चुकलेली असते, आणि ती सुधारायला पैसे लागत नाहीत.

हवा बाहेर कुठून जाणार?

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. जेवढी हवा आत येते, तेवढीच बाहेरही पडली पाहिजे. आपण मात्र बाटलीचा मागचा भाग मोटरसकट बंद करतो आणि नावाला चार-सहा बारीक भोकं पाडतो. जरा हिशोब करून बघा. नळीचं तोंड आतून 20 मिमी व्यासाचं असेल, तर त्याचं क्षेत्रफळ साधारण 314 चौरस मिमी होतं. 3 मिमीचं एक भोक म्हणजे जेमतेम 7 चौरस मिमी. अशी दहा भोकं पाडली तरी 70 होतात. पंखा मग त्याच कोंडलेल्या हवेत नुसता घुसळत राहतो. त्यापेक्षा 10 मिमीची चार भोकं पाडली की हिशोब बरोबर जुळतो. मी तर आठ पाडतो, कारण हवा सुटायला जागा जास्त झाली तर काही बिघडत नाही.

भोकांची जागाही नीट बघा. ती पंख्याच्या मागे, मोटरच्या बाजूला हवीत. पंख्याच्या पुढे, म्हणजे नळीच्या बाजूला, एखादं भोक राहिलं, तर हवा नळीतून यायचं सोडून तिथूनच आत शिरते. सांध्यांचंही तेच. टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरून चालू मशीनच्या प्रत्येक जोडाजवळून फिरवा. पंख्याच्या पुढच्या भागात पट्टी जिथे आत ओढली जाईल, तिथे फट आहे. ती टेपने बंद करा.

मोटर उलटी फिरतेय का?

बॅटरीवर चालणाऱ्या साध्या डीसी मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. पत्र्याच्या तिरक्या पात्यांचा पंखा असेल तर चूक लगेच कळते, कारण हवा नळीतून बाहेर फुंकली जाते. पण मधून हवा घेऊन कडेने फेकणारा चकतीचा पंखा असेल, तर तो उलटा फिरतानाही थोडीफार हवा ओढतो. त्यामुळे चूक लक्षात येत नाही आणि माणूस दिवसभर भलतीकडेच दोष शोधत बसतो. तारा एकदा बदलून दोन्हीकडची ओढ तळहातावर घेऊन बघाच.

पंखा

तिरक्या पात्यांचा पंखा मोकळ्यावर भरपूर हवा हलवतो, पण पुढे धूळ अडवणाऱ्या कापडाचा अडथळा आला की ढेपाळतो. चकतीवर उभ्या पट्ट्या लावलेला पंखा तो अडथळा जास्त चांगला झेलतो. बाजारातल्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये याच जातीचा पंखा असतो. तो बनवणार असाल तर त्याच्या पुढे मधोमध गोल भोक असलेलं झाकण हवंच, नाहीतर कडेने फेकलेली हवा फिरून पुढे येते.

तिरकी पातीच वापरायची असतील, तर पात्यांची टोकं आणि बाटलीची भिंत यांत 1-2 मिमीपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. सगळी पाती सारखी वळलेली हवीत. पंखा मोटरवर चढवण्याआधी सुईवर आडवा तोलून बघा. जी बाजू खाली जाईल, तिची कड किंचित घासा. तोल न साधलेला पंखा सगळी बाटली थरथरवतो आणि तासाभरात जोड ढिले करतो.

पंखा हॉट ग्लूने (गरम करून लावायच्या डिंकाने) थेट शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांडीवर, चिकटवू नका. मोटर तापली की ग्लू मऊ पडतो आणि पंखा सुटतो. मोडक्या खेळण्यातलं शाफ्टवर घट्ट बसणारं दातेरी चाक घ्या आणि पंखा त्याच्यावर पक्का करा. पत्र्याची कड धारदार असते, म्हणून पहिल्यांदा चालू करताना पंखा बाटलीच्या आत असू द्या आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

फिल्टर

जाड स्पंज लावला तर हवा अडते. नुसती जाळी लावली तर धूळ थेट मोटरमध्ये जाते. खरी मेख कापडाच्या आकारात आहे. 1908 मध्ये पेटंट मिळालेला जेम्स स्पॅंगलरचा व्हॅक्यूम क्लीनरही घरगुती जुळणीतूनच जन्मला होता. धूळ धरायला त्याने उशीचा अभ्रा लावला होता. एवढ्या मोठ्या कापडातून हवा सहज निघून जाते. आपण मात्र बाटलीच्या गळ्यावर नाण्याएवढा तुकडा ताणून बसवतो. जुन्या पातळ मोज्याची पिशवी करून ती आत सैल सोडा, ओढीत लगेच फरक पडेल. पिशवी पंख्यापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये जाळी ठेवा.

बॅटरी

चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी या कामाला चालत नाही. तिची क्षमता साधारण 500 एमएएच (मिलिअँपियर-तास, म्हणजे किती करंट किती वेळ मिळेल याचं माप) असते आणि मोटर 1 अँपियर मागायला लागली की तिचे व्होल्ट कोसळतात. मल्टीमीटरने नुसती बॅटरी मोजली तर ती ठणठणीत दिसते. मोटर चालू ठेवून मोजा, तेव्हा खरं कळतं. त्यापेक्षा प्रत्येकी 1.2 व्होल्टचे पाच रिचार्जेबल एए सेल एकापुढे एक जोडले की 6 व्होल्ट मिळतात आणि ते पुरेसा करंट देतात. लिथियम सेल वापरायचे असतील तर संरक्षण सर्किटशिवाय (शॉर्ट झालं की पुरवठा तोडणाऱ्या छोट्या पट्टीशिवाय) वापरू नका. तारा इअरफोनच्या वायरसारख्या बारीक नकोत, त्यातच व्होल्ट वाया जातात.

जुन्या प्रिंटरची मोटर फुकट मिळते म्हणून घेत असाल, तर आधी तिच्यावरचा आकडा वाचा. बऱ्याच प्रिंटर मोटरी 24 व्होल्टच्या असतात. 6 व्होल्टवर त्या फिरतात, पण हळू.

नळीचं तोंड फार रुंद ठेवू नका. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि तेवढ्याच हवेचा वेग चौथाईवर येतो. बाटली पातळ असेल तर ओढीने आत दबते, म्हणून जाड प्लॅस्टिकची घ्या.

या मशीनने पाणी ओढू नका. सिमेंट किंवा भिंत घासल्याची बारीक पूडही नको, कारण ती कापडातून पार होते आणि मागच्या भोकांतून थेट नाकात जाते. पेट्रोल, थिनर असल्या वाफांजवळ तर बटणही दाबू नका, कारण या मोटरीत आत ठिणग्या पडतात. सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच चालवा आणि मग मोटरला बोट लावून बघा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर बंद करा, गार होऊ द्या, पंखा हाताने हळूच फिरवा आणि तो कुठे घासतोय ते शोधा.