पावसाळी राजमाची: चढताना नव्हे, उतरताना होणाऱ्या चुका टाळा

जुलैच्या सुट्टीत राजमाची किल्ल्याचा बेत बहुतेकांचा एकच असतो. लोणावळ्याहून सुमारे १५ किलोमीटर चालत गडावरची उधेवाडी ही वस्ती गाठायची, पिठलं-भाकरी खायची, गडाच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी श्रीवर्धन पाहायचा, जमलं तर मनरंजनही, आणि संध्याकाळी कोंढाणे लेण्यांकडे उतरून कर्जतची गाडी पकडायची. बेत सुंदर आहे. पण त्यातला सगळ्यात निसरडा आणि उभा टप्पा नेमका शेवटी येतो, पाय थकलेले असताना. इथल्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

म्हणून पहिली चूक घड्याळाची. कोरड्या दिवसांत दीड-दोन तासांत होणारी ही उतरण भर पावसात सहज तीन तास घेते. जुलैत सूर्य सातनंतर मावळत असला तरी धुक्यात आणि झाडोऱ्यात साडेसहालाच पाय कुठे पडतोय ते दिसेनासं होतं. दुपारी दोनपर्यंत उधेवाडी सोडता येत नसेल, तर उतरूच नका. गावात घरगुती मुक्कामाची सोय होते, सकाळी उतरा. गडाचा माथा राहिला तर राहू द्या.

दुसरी चूक बुटांची, आणि ती घरीच झालेली असते. दोन-तीन वर्षं माळ्यावर पडलेले ट्रेकिंगचे बूट वरून नवेकोरे दिसतात, पण सोलचा गोंद आणि आतला मऊ थर दमट हवेत विरून गेलेला असतो. माझ्या एका मित्राच्या डाव्या बुटाचा सोल कोंढाणे लेण्यांच्या वरच्या जंगलात चिखलाने असा ओढून घेतला की पाय वर आला आणि सोल खालीच राहिला. आम्ही सुतळीने बांधला, दहा पावलांत सुटला. कारण गाठ तळाशी होती, घासून तुटली. मग सुतळी टाचेच्या पुढच्या खाचेतून घेतली, दुसरा फेरा बोटांच्या मागे सोलच्या दातांमधून घेतला, दोन्ही टोकं घोट्याभोवती फिरवली आणि गाठ पावलावर मारली. तो बूट पायथ्याच्या कोंडिवडे गावापर्यंत टिकला. तेव्हापासून सॅकमध्ये दोन मीटर सुतळी कायम असते. निघण्याआधी आठवडाभर जुने बूट घालून पावसात हिंडा. सुटायचा असेल तर सोल घराजवळ सुटू दे.

वाटेवर चिखल दिसला की माणसं कडेने जातात. हे टाळा. कडेची माती भुसभुशीत असते, गवताखाली ती किती पोकळ आहे ते कळत नाही आणि पलीकडे बहुधा उतार असतो. सरळ मधून चाला, बूट भरू द्यात. चिखलापेक्षा घातक आहे तो शेवाळलेला काळा कातळ आणि ओली मुळं. मुळांवर पाय न देता दोन मुळांच्या मध्ये द्या.

उतरताना भीतीने शरीर मागे रेलतं, आणि पाय पुढे सटकतात. गुडघे थोडे वाकवा, पाऊल आडवं आणि सपाट टाका, पावलं छोटी ठेवा. फारच उभं असेल तर डोंगराकडे तोंड करून उतरा. आधाराला हाताला येईल ती फांदी धरू नका. आधी हलकं ओढून पाहा, आणि कारवीचं झुडूप धरलंत तर बुंध्याशी धरा. तोल गेलाच तर खाली बसा. हात टेकवून सावरायला गेलात तर मनगट जातं. घोटा मुरगळला तर बूट काढू नका, सुजेमुळे तो परत चढणार नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज आवळा, पण बोटं बधिर होत नाहीत ना, ते पाहत राहा.

ओढ्याबद्दल मात्र कसलीच तडजोड नको. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातच, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर पडलेला पाऊस ओढ्यातून येतोच. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या की ताबडतोब मागे सरा आणि वाट पाहा. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढीचं असेल तर दोरी आहे, साखळी करू, असा विचारही नको. गावात परत जा. रेड अलर्ट असेल किंवा प्रशासनाने बंदी घातली असेल, तर घरूनच निघू नका.

जीन्स भिजली की जड होते आणि गुडघा वाकू देत नाही, ती नकोच. सॅकच्या वरच्या कव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीकडून शिरतं. आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला, त्यात कोरडे कपडे, विजेरी आणि फोन. दरीत रेंज जाते, तेव्हा मिळेल तिथूनच घरी निरोप द्या. मदतीसाठी ११२.

घरी आल्यावर बूट हीटरसमोर किंवा उन्हात ठेवू नका, गोंद तिथेच सुटतो. दातांतली माती काडीने काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. पहिल्या रात्री बोळे दोनदा तरी बदला.